बचावफळी, कबड्डीतील

कबड्डीच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या चढाईपटूस अडविणाऱ्या व पकडणाऱ्या खेळाडूंच्या समूहास बचावफळी म्हणतात. मैदानावर एका पक्षाचे सात खेळाडू असले, तरी खास बचावासाठी निवडलेले खेळाडू बहुधा चारच असतात : डावा व उजवा कोपरारक्षक आणि डावा व उजवा मध्यरक्षक. उरलेल्या तीन जागा संघाचे चढाईपटू किंवा अष्टपैलू खेळाडू घेतात. बचावात त्यांचे काम साहाय्याचे असते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्यापासून ह्या चौघांची जमवाजमव हा संघव्यवस्थापनापुढील एक अवघड प्रश्न होऊन बसला आहे. नामांकित बचावपटू लिलावात मोठी बोली लावून घ्यावयाचे, की अननुभवी तरुण अल्प मानधनावर घेऊन त्यांना एकत्र घडवावयाचे, असे दोन मार्ग संघांपुढे असतात. प्रस्तुत नोंदीत ह्या दोन मार्गांचे स्वरूप, त्यांचे परिणाम आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील खेळाडूंच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व ह्यांचे विवेचन केले आहे. [खेळाच्या नियमांसाठी → कबड्डी].

बचावाचे तंत्र : चढाई हे एकट्याचे काम, तर पकड हे अनेकांचे. चढाईपटूस ३० सेकंदांची मुदत असते. ह्या अवधीत त्याला निदान रेषा ओलांडून, शक्य तर गडी बाद करून, दम न सोडता मध्य रेषेपाशी परतावे लागते. तो ज्या बाजूस झुकतो त्या बाजूचा कोपरारक्षक सामान्यतः पहिला हात घालतो. घोट्याची पकड, मांडीची पकड व कमरेची पकड हे त्याचे नेहमीचे डाव होत. तथापि नुसत्या घोट्याच्या पकडीने तरबेज चढाईपटू थांबत नाही. पाय अडकलेल्या अवस्थेतही तो अंग झोकून मध्य रेषेस बोट लावू शकतो. त्याची ही वाट तोडणे मध्यरक्षकाचे काम असते. कोपरारक्षकाने हात घातल्याबरोबर मध्यरक्षकाने चढाईपटूच्या पुढे येऊन त्याला रोखावे किंवा खांद्याच्या धक्क्याने मैदानाबाहेर लोटावे, अशी अपेक्षा असते. तो क्षणभर उशिरा आला, तर पकडणारा फरफटत जातो आणि एकाऐवजी दोन किंवा तीन गडी बाद होतात. तो क्षणभर लवकर आला, तर चढाईपटू सावध होऊन माघारी वळतो. कोपरारक्षक व त्याच्या शेजारचा खेळाडू हात धरून साखळी करतात, त्यामागील हेतूही हाच असतो. शेजाऱ्याने केव्हा झेप घ्यावी हे हाताच्या ओढीने कळते, त्यासाठी बोलावे लागत नाही.

हा मेळ शिकवून येत नाही असे नाही. परंतु तो सवयीने येतो, आणि सवयीला वेळ लागतो. एकाच मंडळात लहानपणापासून बरोबर खेळलेली कोपरारक्षक-मध्यरक्षकांची जोडी वैयक्तिक कौशल्यात थोडी उणी असूनही नावाजलेल्या पण नवख्या जोडीस भारी ठरते, हा महाराष्ट्रातील मैदानांवरचा जुना अनुभव आहे. शिवाय मैदानावर तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू उरले असता केलेल्या यशस्वी पकडीस (अव्वल पकड) दोन गुण मिळत असल्याने, दोघातिघांच्या मेळास व्यावसायिक सामन्यांत आणखी मोल आले आहे.

बचावपटूचे मोल ठरविण्यातील अडचण : चढाईपटूची कामगिरी मोजणे सोपे असते. त्याने किती चढाया केल्या, किती गुण आणले आणि कितीदा तो बाद झाला हे तक्त्यावरून कळते. पकडीचा गुण मात्र सामान्यतः मुख्य पकड घेणाऱ्याच्या नावे मांडला जातो. वाट अडविणाऱ्या मध्यरक्षकाचा वाटा त्यात दिसत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की योग्य जागी उभे राहून चढाईपटूस रिकाम्या हाताने परत पाठविणे ही बचावाची नित्याची व मोलाची कामगिरी असली, तरी तिला गुणच नसतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे वा बाद होणे भाग पडते. म्हणजे त्या तिसऱ्या चढाईतील पकडीची तयारी आधीच्या दोन निष्फळ चढायांतच झालेली असते. लिलावात बोली लावणारे ह्या गोष्टी जाणत नाहीत असे म्हणता येणार नाही. पण बोली एका नावावर लागते, आणि नावापुढे असतात ते पकडीचे गुण.

पूर्वीची पद्धत : लिलाव नवा असला, तरी खेळाडूंची भरती जुनी आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्यांत तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून (१९८१ पर्यंत सिंधुदुर्ग त्यातच समाविष्ट होता) आलेल्यांचा भरणा मोठा होता. लालबाग, परळ, प्रभादेवी ह्या गिरणगावातील वस्त्यांत त्यांच्या मंडळांनी कबड्डी जोपासली. पुढे रेल्वे, बँका, तेल कंपन्या, पोलीस दल, एअर इंडिया, महिंद्र अँड महिंद्र अशा आस्थापनांनी आपापले संघ उभारले. महाराष्ट्रातील स्पर्धांत स्थानिक गटाबरोबर ‘व्यावसायिक गट’ असतो, तो ह्याच संघांसाठी. येथे व्यावसायिक म्हणजे पैशासाठी खेळणारा असा अर्थ नसून नोकरीच्या ठिकाणच्या संघातून खेळणारा असा आहे.

ह्या भरतीत खेळाडूस मिळे ती नोकरी, आणि ती खेळ संपल्यावरही राही. त्यामुळे आस्थापनेचा संघ एकदा जमला की तो आठ-दहा वर्षे फारसा बदलत नसे, व बचावफळीस एकत्र मुरण्यास अवधी मिळे. कोणी ठरवून केलेली ही योजना नव्हती. कायम नोकरीचा तो आनुषंगिक लाभ होता. आता ही व्यवस्था पूर्वीसारखी राहिलेली नाही. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि एअर इंडिया २०२२ मध्ये खाजगी मालकीत गेली. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ विहित स्पर्धांतील पदकांवर अवलंबून असतो.

लिलाव : प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामासाठी २०१४ मध्ये झालेल्या लिलावात आठ संघ होते. सर्वाधिक १२ लाख ८० हजार रुपयांची बोली राकेश कुमार ह्याच्यावर पटणा पायरेट्सने लावली. २०१७ मध्ये संघांची संख्या १२ झाली. २०१८ च्या लिलावात एक कोटीचा पल्ला प्रथम गाठणारा खेळाडू हा चढाईपटू नव्हता; तो फजल अत्राचली हा इराणचा डावा कोपरारक्षक होता, व त्यास यू मुंबाने घेतले. त्याच लिलावात मोनू गोयत ह्या चढाईपटूची किंमत मात्र १ कोटी ५१ लाखांवर गेली. सर्वोच्च बोली बहुधा चढाईपटूंवरच लागत आल्या आहेत : परदीप नरवाल १ कोटी ६५ लाख (२०२१), पवन सेहरावत २ कोटी २६ लाख (२०२२) व पुन्हा तोच २ कोटी ६० लाख ५० हजार (२०२३).

दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपये करण्यात आली. संघात किमान १८ व कमाल २५ खेळाडू घ्यावे लागतात. खेळाडूंचे चार वर्ग केलेले असून त्यांच्या मूळ किंमती ३०, २०, १३ व ९ लाख अशा ठेवण्यात आल्या. ह्या मर्यादेमुळे एका नावावर झालेला खर्च दुसऱ्या जागेवरून काढावा लागतो, आणि ती जागा बहुधा मध्यरक्षकाची असते. तेलुगू टायटन्सने दहाव्या हंगामात पवन सेहरावतसाठी एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक रक्कम खर्च केली. चढाई त्याने उत्तम केली. संघ मात्र गुणतक्त्यात शेवटच्या क्रमांकावर राहिला.

बचावपटूंच्या खरेदीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण यू मुंबाचे आहे. पहिल्या तीन हंगामांत हा संघ तिन्ही वेळा अंतिम सामन्यात पोहोचला व २०१५ मध्ये विजेता ठरला. सुरेंदर नाडा डाव्या कोपऱ्यात, मोहित छिल्लर उजव्या कोपऱ्यात आणि त्यांच्या आतील बाजूस विशाल माने व जीवा कुमार हे मध्यरक्षक, अशी ती फळी होती. २०१६ मधील चौथ्या हंगामापूर्वी छिल्लर ह्यास बंगळुरू बुल्सने ५३ लाखांस घेतले. ही त्या लिलावातील सर्वोच्च बोली होती. नाडाही त्याच संघात गेला. म्हणजे दोन्ही कोपरे विकत मिळाले. परंतु त्यांच्या शेजारचे मध्यरक्षक मिळाले नाहीत. त्या हंगामात यू मुंबास प्रथमच उपांत्य फेरी गाठता आली नाही, आणि बंगळुरूसही ती गाठता आली नाही. फळी मोडल्याने एकाचे नुकसान झाले व दुसऱ्याचा फायदा झाला नाही, असा हा व्यवहार होता. पुढील वर्षी हीच जोडी हरियाणा स्टीलर्सकडे गेली. तेथे तिने चांगली कामगिरी केली व संघ बाद फेरीत पोहोचला. पण पटण्याविरुद्धच्या सामन्यात परदीप नरवालने ३४ गुण मिळवून हरियाणाचा ६९-३० असा पराभव घडविला. एका सामन्यावरून फळीचे मोल ठरविणे अर्थातच योग्य नव्हे.

नवे खेळाडू घडविणे : लीगने तरुण खेळाडूंचा शोध घेण्याची योजना आखली व लिलावाबाहेर ठरावीक मानधनावर ‘नवे तरुण खेळाडू’ घेण्याची मुभा संघांना दिली. असे खेळाडू पुढील हंगामांसाठी राखूनही ठेवता येतात. कोपरारक्षक मुरण्यास चढाईपटूपेक्षा अधिक काळ लागतो, हे प्रशिक्षकांचे मत सर्वसाधारणपणे खरे असले, तरी त्यास अपवाद आहेत. जयपूर पिंक पँथर्सने ह्या योजनेतून घेतलेला अंकुश हा डावा कोपरारक्षक २०२२ च्या नवव्या हंगामात पहिल्यांदाच खेळला. त्याने पकडीचे ८९ गुण मिळवून सर्व बचावपटूंत अग्रस्थान पटकाविले, व जयपूरने विजेतेपद मिळविले.

दोन्ही मार्गांचा संयोग कसा साधतो हे मोहम्मदरेझा शादलूई ह्या इराणी डाव्या कोपरारक्षकाच्या वाटचालीवरून दिसते. २०२१ च्या लिलावात पटण्याने त्याला ३१ लाखांस घेतले. त्या हंगामात पकडीचे सर्वाधिक गुण त्याचे होते. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. तथापि पुण्याने विकत घेतला तो एक कोपरा. संकेत सावंत, अबिनेश नाडराजन व गौरव खत्री हे तरुण बचावपटू संघाने आधीपासून सांभाळलेले होते. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात पुण्याने हरियाणास २८-२५ असे हरविले. पराभूत हरियाणाची फळीही अशीच घरी वाढलेली होती. जयदीप दहिया व मोहित नंदल हे दोघे बरोबर खेळत आले होते. पुढील लिलावात त्याच हरियाणाने शादलूईस २ कोटी ७ लाखांस घेतले, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पटण्याचा ३२-२३ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. २०२५ मध्ये तो गुजरात जायंट्सकडे २ कोटी २३ लाखांस गेला. तेथे अशी मुरलेली फळी नव्हती. त्याचा स्वतःचा खेळ फारसा उतरला नाही. मात्र गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. माणूस तोच, किंमतही जवळजवळ तीच. फरक पडला तो शेजाऱ्यांमुळे. चढाईची बाजू, दुखापती व प्रशिक्षक ह्यांचा प्रभाव वगळून असे निष्कर्ष काढता येत नाहीत हे खरे, परंतु तीन हंगामांतील हा क्रम योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

इतर खेळांतील तुलना : हाच प्रश्न अमेरिकन फुटबॉलमध्ये अधिक जुना आहे. तेथे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. ह्या पाचांच्या नावेही गुण नसतात, आणि त्यांचेही यश शेजाऱ्याशी साधलेल्या मेळावर अवलंबून असते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये महाविद्यालयीन खेळाडू वाटून घेण्याची निवडपद्धती (ड्राफ्ट) १९३६ पासून आहे. मागील हंगामात मागे पडलेल्या संघास निवडीची पहिली संधी मिळते. करार संपलेल्या खेळाडूस मनाजोगा संघ निवडण्याचे स्वातंत्र्य १९९३ पासून मिळाले, व १९९४ पासून संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आली. २०११ च्या करारान्वये नवागतांचे वेतन निवडीच्या क्रमानुसार बांधले गेले. त्यामुळे चांगला नवागत पहिली चार वर्षे त्याच्या खऱ्या किंमतीहून पुष्कळच स्वस्तात मिळतो. फेब्रुवारी २०२१ मधील अंतिम सामन्यात दुबळ्या फळीमुळे कॅन्सस सिटी चीफ्स संघाची दुर्दशा झाली. त्यानंतर त्या संघाने जो थूनी हा अनुभवी रक्षक पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलरच्या करारावर घेतला. मात्र क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत व ट्रे स्मिथ चक्क सहाव्या फेरीत निवडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्याच फळीने अंतिम सामन्यात आपल्या क्वार्टरबॅकला एकदाही पाडू दिले नाही. येथेही खरेदी व घडवणूक ही एकमेकांना पूरकच ठरली. भारतातील पद्धतीत मागे पडलेल्या संघास अग्रहक्क नाही, आणि करार बहुधा अल्पमुदतीचे असतात, हे दोन मोठे भेद होत.

दुसरा भेद विशेष परिणामकारक आहे. लीगच्या नियमांनुसार काही खेळाडू राखून ठेवता येतात, व लिलावातील अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याची सोयही आहे. तरीही अनेकांना ठरावीक काळाने लिलावात जावेच लागते. त्यामुळे प्रेक्षकांचे कुतूहल वाढते व संघांचे बळ समतोल राहते; पण ज्या फळीस मुरण्यास तीन वर्षे लागली ती चौथ्या वर्षी विखुरते. चढाईपटू आपले कौशल्य बरोबर घेऊन जातो. बचावपटूचे निम्मे कौशल्य मागे राहिलेल्या शेजाऱ्यापाशी असते.

रत्नागिरीतील स्थिती : रत्नागिरी शहराला लागून असलेल्या, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र असलेल्या मिरजोळे ह्या गावातील किंवा जिल्ह्याच्या आतील भागातील एखाद्या वाडीतील तरुणास हे दोन्ही दरवाजे दुरून दिसतात. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरील मैदान वापरता येत नाही. भातकापणी झाल्यावर जांभ्याची लाल माती दाबून मैदान केले जाते, व रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात. व्यावसायिक सामने मॅटवर, बूट घालून होतात. मातीत अनवाणी पाय रोवून मांडीची पकड घेणाऱ्यास मॅटवर तोल नव्याने सांभाळावा लागतो, आणि ही अडचण चढाईपटूपेक्षा कोपरारक्षकास अधिक जाणवते. पुरुष गटात वजनाची मर्यादा ८५ किलोग्रॅम असल्याने त्याला अंगबळही त्या मर्यादेजवळ न्यावे लागते. रोजंदारीवर वा कारखान्यातील पाळीवर काम करून हा आहार व सराव साधणे सोपे नाही.

असे असूनही जिल्ह्यातून बचावपटू पुढे आले आहेत. चिपळूण तालुक्यातील शुभम शिंदे हा उजवा कोपरारक्षक पुणेरी पलटण, पटणा व बंगाल वॉरियर्स ह्या संघांतून खेळला, आणि २०२४ च्या अकराव्या हंगामात पटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून त्याने संघास अंतिम सामन्यापर्यंत नेले. गावच्या मंडळापासून कुमार गट, जिल्हा निवड चाचणी, राज्य अजिंक्यपद स्पर्धा व त्यानंतर व्यावसायिक संघाची चाचणी असा हा मार्ग असतो. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर खेळाडू एकटा निवडला जातो. चाचणीत अनोळखी खेळाडूंचे संघ पाडून त्यांना खेळविले जाते. चढाईपटूस पाच-सहा चढायांत आपली करामत दाखविता येते. कोपरारक्षकास मात्र ज्याच्या हाताची ओढ त्याला ओळखीची आहे तो मध्यरक्षक शेजारी नसतो. म्हणून काही प्रशिक्षक एकाच मंडळातील कोपरारक्षक व मध्यरक्षक ह्यांना चाचणीत शेजारीशेजारी उभे करतात, आणि दोघांपैकी एकच घ्यावयाचा असला, तरी दोघांचा खेळ एकत्र पाहूनच निर्णय घेतात.